पोलाद स्वस्त करणारे हेन्री बेसेमर

घराच्या स्लॅबमधली सळई, रेल्वेचा रूळ, नांगराचा फाळ, हे सगळे पोलादाचे. पूर्वी पोलाद फार महाग होते. ते स्वस्त केले हेन्री बेसेमर यांनी.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १८१३ रोजी इंग्लंडमधील चार्लटन या खेड्यात झाला. वडील छापखान्याची अक्षरे धातूत ओतायचे. लहानगा हेन्री तिथेच रमायचा. धातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, गार झाला की काढायचा, हे तो पाहून पाहून शिकला. शाळा फार झाली नाही.

१८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचे युद्ध झाले. तोफांसाठी मजबूत लोखंड पाहिजे होते. बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून जोराने हवा सोडली. आपल्याला वाटेल, लोखंड गार झालं असेल. पण झाले उलटेच! त्यातला कार्बन जळाला, ठिणग्यांचा पाऊस पडला, लोखंड जास्तच तापले आणि अर्ध्या तासात पोलाद तयार झाले. १८५६ साली त्यांनी ही कृती जाहीर केली.

कारखानदारांनी पैसे देऊन कृती घेतली. पण त्यांचे पोलाद ठिसूळ निघाले. ठोकलं की तुटायचं! लोक बेसेमर यांना नावे ठेवू लागले. तरी ते खचले नाहीत. शोधता शोधता कळले की कारखानदारांच्या लोखंडात फॉस्फरस होता. रॉबर्ट मशेट यांची मँगनीज घालण्याची युक्तीही कामाला आली. १८५८ साली बेसेमर यांनी शेफिल्डला स्वतःचा कारखाना काढला आणि चांगले पोलाद स्वस्तात विकून दाखवले.

त्यांची एक इच्छा मात्र राहिली. पातळ पोलाद दोन गार रुळांमधून सोडून सलग पत्रा काढायचा होता. ते नीट जमले नाही. १५ मार्च १८९८ रोजी ते वारले.

पुढे १९३३ साली जर्मनीच्या सीगफ्रीड युंगहान्स यांनी साचाच खाली-वर हलवायची युक्ती काढली. माझे मामा जालन्याला पोलादाच्या कारखान्यात कामाला आहेत. नाथषष्ठीला आले तेव्हा त्यांनी मला ती समजावून सांगितली. साचा तांब्याचा असतो. त्याला बूड नसते. बाहेरून पाणी खेळते. दुधावर साय धरते तशी पोलादावर साल धरते, आत मात्र पातळच असते. साल साच्याला चिकटली तर फाटते आणि उकळता रस बाहेर येतो. म्हणून साचा सारखा हलता ठेवतात. हलणे नीट नसेल तर पोलादावर खोल वळ उठतात आणि तिथूनच तडा जातो.

मामांची रात्रपाळी असली की आजीला झोप येत नाही. आता मला कळलं, का ते.

स्लॅबमधली सळई कुणाला दिसत नाही, पण घर तिच्यावरच उभे असते. पोलाद तुटले म्हणून बेसेमर गप्प बसले नाहीत. आपले गणित चुकले तर आपणही पाटी पुसून पुन्हा मांडू या.

इयत्ता चौथी