घर सोडून मदीनेला आलेली मुलगी : हजरत उम्मे कुलसूम (रजि.)

हिजरतीचा विषय निघाला की आपल्या तोंडी बहुधा पुरुषांचीच नावे येतात. आज आम्ही एका मुलीची हकीकत सांगतोय.

हजरत उम्मे कुलसूम (रजि.) या उक्बा बिन अबी मुऐतच्या कन्या. उक्बा म्हणजे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचा कट्टर वैरी, बद्रच्या लढाईनंतर तो मारला गेला. आई अरवा बिन्ते कुरैझ. हजरत उस्मान (रजि.) यांचीही आई तीच. अशा घरात या मुलीने इमान स्वीकारले होते. लग्न झालेले नव्हते. सगळा ताबा माहेरच्यांचा.

हिजरी 6, म्हणजे इ.स. 628 मध्ये हुदैबियाचा तह झाला. मक्केतून पालकाच्या परवानगीशिवाय जो कोणी मदीनेला येईल त्याला परत करायचे, अशी त्यात अट होती. बेड्यांसह आलेल्या हजरत अबू जंदल (रजि.) यांनाही परत जावे लागले. तरीही या मुलीने घर सोडले. चारशे किलोमीटरहून जास्त वाळवंटी वाट. रिवायतींप्रमाणे खुजाआ कबिल्यातला एक माणूस तेवढा सोबतीला.

मागोमाग वलीद आणि उमारा हे दोघे भाऊ मदीनेत हजर. तहाप्रमाणे बहीण आमच्या हवाली करा, म्हणाले. परत धाडलं तर माझं इमान हिरावून घेतील, अशी भीती तिने प्रेषितांपुढे मांडली. याच प्रसंगी सूरह मुम्तहिनाची 10 वी आयत अवतरली, असे मुफस्सिर सांगतात. हुकूम स्पष्ट होता : हिजरत करून आलेल्या स्त्रियांची पारख करा, आणि त्या इमानवाल्या ठरल्या तर परत पाठवू नका. भाऊ रिकाम्या हाती परतले. पुढे मक्का-विजयानंतर वलीदही मुसलमान झाले.

मदीनेत त्यांचा निकाह हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांच्याशी झाला, ते मुअताच्या लढाईत शहीद झाले. नंतरच्या काळात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्याशी संसार झाला. लोकांत समेट घडवणाऱ्याला खोटारडा म्हणू नये, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये त्यांच्याच रिवायतीने आली आहे.

आज एखादी मुलगी जिवाच्या भीतीने घर सोडून दारात उभी राहिली, तर आपण आधी घराण्याच्या इज्जतीची चौकशी करतो. मदीनेत आधी तिचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. एवढं तरी आपण लक्षात ठेवू या.