ॲटमचा बाप

डोरेमॉन माहीत नाही असा मुलगा आपल्या कॉलेजात शोधूनही सापडायचा नाही. हा डोरेमॉन ज्या दोघा मित्रांनी मिळून सुरू केलेल्या फुजिको फुजिओ या नावाने जगापुढे आला, ते दोघं नवखे असताना टोकियोत तोकिवा-सो नावाच्या जुन्या लाकडी इमारतीत राहायला आले. त्यांच्या आधी त्या खोलीत कोण राहत होतं? ओसामु तेझुका. खोली सोडताना त्याने डिपॉझिटचे पैसेसुद्धा या पोरांसाठी तसेच ठेवले असं सांगतात. रूम सोडताना डिपॉझिटवरून आपली घरमालकाशी काय जुंपते ते आठवा, म्हणजे या माणसाचं मन केवढं होतं ते कळेल!

जपानी माणूस तेझुकाला मंगाचा देव म्हणतो. मंगा म्हणजे चित्रकथा. पण हा लेख देवाबद्दल नाही, त्याच्या एका पोराबद्दल आणि त्या पोराच्या चाहत्यांबद्दल आहे. ते पोर म्हणजे 'तेत्सुवान ॲटम', अमेरिकेत आणि बाकी जगात 'ॲस्ट्रो बॉय'. टोकदार केसांचा, पायातून ज्वाळा सोडत उडणारा, एक लाख हॉर्सपॉवरचा रोबो मुलगा. (एक लाख! आपल्या वर्कशॉपमधल्या लेथची मोटर किती हॉर्सपॉवरची असते ते एकदा सरांना विचारा.) मालिका संपली, पण लोकांनी ॲटमला संपू दिलं नाही. तो परत परत आला, आणि दर वेळी चाहते आधी हुरळले आणि मग भांडले.

तेझुकाचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकाचा. बालपण गेलं ताकाराझुका गावी. तिथली सगळ्या भूमिका बायकाच करतात अशी नाटक कंपनी जपानभर प्रसिद्ध आहे. आई त्याला ती नाटकं दाखवायला न्यायची. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता, त्यावर चॅप्लिन आणि डिस्नेच्या फिल्म्स चालायच्या. मुलगा अंगाने किरकोळ, नाद दोनच : चित्रं आणि किडे. ओसामुशी नावाचा एक भुंगा असतो, त्याच्यावरून याने आपल्या नावात किडा या अर्थाचं अक्षर जोडून टाकलं. पुढे कंपनी काढली तिचं नावही मुशी प्रॉडक्शन, म्हणजे किडा प्रॉडक्शन. कंपनीच्या नावातच बग! कॉम्प्युटरवाल्यांनी नोंद घ्यावी.

मग युद्ध. शाळेतल्या पोरांना कारखान्यात कामाला जुंपलेलं. एप्रिल १९४५ मध्ये ओसाकाच्या एका ओस पडलेल्या थिएटरात त्याने एक ॲनिमेशनपट पाहिला. खरं तर तो नौदलाने करवून घेतलेला प्रचारपट होता. पण त्यातली कोवळी, गाण्यागोष्टींची दृश्यं पाहून हा मुलगा रडला, आणि आयुष्यात एकदा तरी असं काही करायचंच असं त्याने ठरवलं. दोनच महिन्यांनी ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा तो टेहळणीच्या मनोऱ्यावर होता. बॉम्ब जवळच पडला, हा वाचला. माणसं शहाणी का होत नाहीत हा प्रश्न त्याच्या पुढच्या सगळ्या कामात भुतासारखा मागे लागलेला दिसतो, तो इथूनच.

युद्ध संपलं त्याच वर्षी स्वारी ओसाका विद्यापीठात मेडिकलला. आणि १९४६ च्या जानेवारीत पहिली चित्रमालिका पेपरात छापून आली. म्हणजे एकीकडे ॲनाटॉमी, दुसरीकडे कॉमिक्स. लेक्चरला मागच्या बाकावर बसून वहीत चित्रं काढणाऱ्यांनो, उगीच खूश होऊ नका, हा माणूस पास होत होता! डॉक्टरकीचं लायसन्स मिळवलं, १९६१ साली चक्क डॉक्टरेटही घेतली. विषय : पाणगोगलगाईच्या शुक्रपेशींची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालची रचना. प्रॅक्टिस मात्र केली नाही. काय करू म्हणून आईला विचारलं, तेव्हा तिने तुला मनापासून जे आवडतं ते कर असं सांगितलं म्हणे. आपल्या घरी हा संवाद कसा झाला असता याची कल्पना ज्याची त्याने करावी.

१९५१ मध्ये 'शोनेन' मासिकातल्या एका कथेत ॲटम दुय्यम पात्र म्हणून आला, १९५२ पासून तो नायक झाला. त्याची जन्मकथा गोड नाही. डॉ. तेन्मा या शास्त्रज्ञाचा मुलगा तोबिओ गाडीच्या अपघातात मरतो. दुःखाने वेडा झालेला बाप हुबेहूब त्याच्यासारखा रोबो बनवतो. पण रोबो वाढत नाही! उंची तेवढीच. मग तोच बाप चिडून त्याला सर्कशीला विकून टाकतो. पुढे मोठ्या नाकाचे प्रोफेसर ओचानोमिझु त्याला सोडवतात. हिरोशिमाला जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि त्या देशात एका लहान मुलाचं नाव ॲटम ठेवलं होतं. बहिणीचं नाव युरान, म्हणजे युरेनियम, भावाचं कोबाल्ट. कथेत ॲटमचा वाढदिवस ७ एप्रिल २००३. ती तारीख लक्षात असू द्या.

आता आपल्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या, जिव्हाळ्याचा भाग. १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर ॲटमची कृष्णधवल मालिका सुरू झाली. अर्ध्या तासाचा भाग, दर आठवड्याला. ॲनिमेशनवाल्या जाणकारांच्या मते हे अशक्य होतं. गणित करून बघा. सेकंदाला २४ फ्रेम, २५ मिनिटांचा भाग, झाल्या ३६ हजार फ्रेम. डिस्नेसारखं काम करायचं तर वर्षं लागतात, इथे सात दिवस. तेझुकाने काय केलं? एकच चित्र तीन-तीन फ्रेम वापरलं. बोलताना चेहरा स्थिर, फक्त ओठ हलवायचे. धावपळीच्या जागी स्थिर चित्र ठेवून कॅमेराच सरकवायचा. ॲटम उडतानाची चित्रं एकदाच काढून कपाटात ठेवायची आणि दर भागात तीच बाहेर काढायची, पार्श्वभूमी बदलून. याला ते बँक म्हणायचे. चित्रांची संख्या भागाला दोन हजारांच्या आसपास आली. आपल्या भाषेत ऑप्टिमायझेशन, आजीच्या भाषेत काटकसर. आणि चित्रांची उणीव गोष्टीने भरून काढली. पोरं हलणाऱ्या चित्रांसाठी टीव्हीपुढे बसत नव्हती, ॲटमचं पुढे काय होणार यासाठी बसत होती.

चार वर्षांत १९३ भाग झाले. सर्वांत जास्त रेटिंग चाळीस टक्क्यांवर गेलं. प्रायोजक होती मेइजी ही चॉकलेट कंपनी. तिने गोळ्यांच्या डब्यात ॲटमची स्टिकर्स टाकली आणि पोरांनी कपाटं, दप्तरं, जे दिसेल त्यावर ती चिकटवली. पहिल्याच वर्षी अमेरिकेच्या एनबीसीने मालिका विकत घेतली.

पण या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तेझुकाने मालिका खर्चापेक्षा बऱ्याच कमी दरात विकली. तूट भरून काढायची ती मंगाच्या कमाईतून आणि खेळण्यांच्या हक्कांतून. बाकीच्या स्टुडिओंकडे असा तेझुका नव्हता, पण दर तोच पडला. जपानमधले ॲनिमेटर आजही कमी पगारात राबतात त्याचं मूळ बरेच जण इथे शोधतात. हायाओ मियाझाकीने तर तेझुका वारल्यावर काही महिन्यांतच हा आरोप उघडपणे लिहिला. सगळा दोष एकट्या माणसावर टाकणं मला पटत नाही, चॅनेलवाले काय झोपले होते? पण कमी दरात प्रोजेक्ट उचलून पोरांकडून नाइट मारून घेण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही, हे खरं.

३१ डिसेंबर १९६६. शेवटचा भाग. सूर्य भडकलाय, पृथ्वी होरपळतेय, आणि तो शांत करणारं यंत्र घेऊन ॲटम स्वतः सूर्यात जातो. संपलं. उद्या नवीन वर्ष! चार वर्षं ज्याच्याबरोबर वाढलो तो असा जाताना पाहून त्या पोरांचं काय झालं असेल? तेझुकालाही ते मरण टिकवता आलं नाही. १९६७ मध्ये लगेच त्याने पेपरात पुढची गोष्ट सुरू केली. टोळासारखा दिसणारा एक परग्रहवासी ॲटमला अवकाशातून उचलतो, दुरुस्त करतो. इथेही किडाच कामाला आला.

त्यानंतर तेझुकाचे दिवस फिरले. मोठ्यांसाठी काढलेले चित्रपट चालेनात. १९७१ ला त्याने मुशी प्रॉडक्शनचं अध्यक्षपद सोडलं, १९७३ ला कंपनी बुडाली. नवे चित्रकार आले, त्यांच्या मंगात रक्त होतं, राग होता. तेझुकाला त्यांचा मत्सर वाटायचा आणि तो मत्सर लपवताही यायचा नाही. संपला हा माणूस असं लोक म्हणू लागले, आणि त्याच वर्षी 'ब्लॅक जॅक' आला, लायसन्स नसलेल्या सर्जनची गोष्ट. डॉक्टरकी अशी कामी आली. बुद्धाच्या चरित्रावरची हजारो पानांची चित्रकथाही याच काळातली. तिच्या इंग्रजी आवृत्त्या आपल्याकडेही मिळतात, जरूर वाचा.

दरम्यान ॲटमची पोरं मोठी झाली होती. १९६३ ला जो सात वर्षांचा होता तो १९८० ला चोवीस. जपानमध्ये तोवर चाहते ही एक वेगळीच जमात तयार झाली होती. १९७७ मध्ये 'यामातो' या अंतराळनौकेच्या मालिकेचा चित्रपट आला तेव्हा तरुण पोरं रात्रभर रांगेत उभी राहिली. १९७९ ला 'गुंडाम' आला. गंमत म्हणजे गुंडामचा दिग्दर्शक योशियुकी तोमिनो हा मुशी प्रॉडक्शनमध्येच ॲटमचे भाग करत शिकलेला. यामातोचा निर्माताही तेझुकाच्या हाताखालून गेलेला. ॲटम पुन्हा आणायचा विचार १९७७ लाच झाला होता, पण तो जमला नाही आणि त्या जागी 'जेटर मार्स' नावाचा दुसराच रोबो मुलगा आला. चाहत्यांनी ओळखायचं ते ओळखलं.

अखेर १ ऑक्टोबर १९८० ला ॲटम परतला. रंगीत, गुळगुळीत, ५२ भाग. या वेळी खर्चाची तशी ओढाताण नव्हती, तेझुका स्वतः लक्ष घालत होता. मग चाहते खूश झाले का? अर्धे. लहानपणीची कृष्णधवल, खडबडीत मालिका ज्यांच्या मनात होती त्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. गुंडामवर पोसलेल्यांना ती बाळबोध वाटली. आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या चॅनेलवर अराले अवतरली. चष्मा लावणारी, एका ठोशात पृथ्वी फोडणारी, डोक्याने बिनधास्त अशी रोबो मुलगी. तिचा निर्माता अकिरा तोरियामा, तोच पुढचा 'ड्रॅगन बॉल'वाला. लहान पोरं तिकडे पळाली. ॲटमने डिसेंबर १९८१ ला निरोप घेतला.

मला विचाराल तर यात चाहत्यांचं काही चुकलं नाही. त्यांना मालिका परत नको असते, ती पाहत असलेलं आपलं वय परत हवं असतं. ते कुठला स्टुडिओ देणार? आणि तेझुकाची अडचण वेगळीच होती. त्याला स्वतःलाच ॲटम फारसा आवडत नव्हता! पैशासाठी काढलेली, आपली सर्वांत फसलेली गोष्ट, असंही तो म्हणत असे. त्याला सांगायचं होतं की माणूस यंत्र बनवतो आणि मग त्याच्याशी नीट वागत नाही. लोकांनी घेतलं काय, तर विज्ञान सगळं ठीक करेल. डॉ. तेन्माला वाढ न होणारा मुलगा नकोसा झाला, तेझुकाचं थोडं तसंच झालं असावं. फरक इतकाच की याने पोराला विकलं नाही, हाक मारली की तो पुन्हा काढून द्यायचा.

९ फेब्रुवारी १९८९ ला पोटाच्या कॅन्सरने तेझुका गेला. शेवटपर्यंत चित्रं काढत होता, तीन कथा अर्धवट राहिल्या. एकूण पानं दीड लाखाच्या घरात. मरणानंतर एक भानगड उघडकीला आली : तो कायम आपलं वय दोन वर्षं जास्त सांगत आला होता. लोकांना वाटत होतं बासष्टचा, निघाला साठचा.

मग ७ एप्रिल २००३ उजाडला. गोष्टीतली तारीख खरी झाली. निइझा शहराने ॲटमला रहिवासी म्हणून नोंदवून घेतलं. ज्या ताकादानोबाबा भागात तो कथेत जन्मला, तिथल्या स्टेशनवर गाडी सुटताना ॲटमच्या गाण्याची धून वाजू लागली. आदल्याच दिवशी फुजी टीव्हीवर तिसरी मालिका सुरू झाली होती. ॲसिमोसारखे चालणारे रोबो तोवर आले होते आणि जपानचे रोबोवाले इंजिनिअर लहानपणी आपण ॲटम पाहायचो हे मोकळेपणाने सांगत होते. २००९ चा कॉम्प्युटर ॲनिमेशनचा चित्रपट मात्र साफ आपटला, तो बनवणाऱ्या स्टुडिओसकट.

सगळ्यात अवघड काम केलं नाओकी उरासावाने. ॲटमच्या १९६४-६५ मधल्या, जगातल्या सर्वांत ताकदवान रोबोच्या कथेवरून त्याला 'प्लुटो' नावाची मंगा करायची होती. तेझुकाचा मुलगा माकोतो आधी तयार नव्हता. मग हो म्हणाला, पण अट घातली की वडिलांची नक्कल करायची नाही, चित्रं तुझीच हवीत. २००३ ला मंगा सुरू झाली. वाचक पहिल्या पुस्तकाच्या शेवटापर्यंत टोकदार केसांची वाट पाहत राहिले, आणि तिथे पावसात एक साधा शाळकरी मुलगा दिसला. केस साधे, ज्वाळा नाहीत, हातात एक गोगलगाय. तोच ॲटम. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये 'प्लुटो' नेटफ्लिक्सवर ॲनिमेशन होऊन आला, आठ भागांत. तुमच्या हॉस्टेलच्या नेटला झेपलं तर सलग बघा, पण सबमिशनच्या आदल्या रात्री नको.