मायर आम्शेल रोथशिल्ड

मायर आम्शेल रोथशिल्ड (जन्म : २३ फेब्रुवारी १७४४, फ्रँकफुर्ट, मृत्यू : १९ सप्टेंबर १८१२, फ्रँकफुर्ट) हे जर्मन ज्यू व्यापारी व पेढीमालक होते. युरोपातील रोथशिल्ड घराण्याच्या बँकव्यवसायाचे ते संस्थापक मानले जातात. त्यांचे आडनाव मुळात कुळाचे किंवा गावाचे नसून फ्रँकफुर्टमधील एका घराचे नाव होते आणि ते घर त्यांच्या पूर्वजांनी त्यांच्या जन्मापूर्वीच सोडलेले होते.

आडनावाचा उगम

फ्रँकफुर्टमधील ज्यूंना १४६२ सालापासून ‘युडेनगासं’ (ज्यूंची गल्ली) या एकाच अरुंद गल्लीत राहण्याची सक्ती होती. गल्लीची दारे रात्री, तसेच रविवारी व ख्रिस्ती सणांच्या दिवशी बंद ठेवली जात. ज्यू समाजात त्या काळी स्थिर आडनावाची पद्धत नव्हती. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावले जाई. ‘मायर आम्शेल’ म्हणजे आम्शेल यांचा मुलगा मायर. त्यांच्या वडिलांचे नाव आम्शेल मोझेस, म्हणजे मोझेस यांचा मुलगा आम्शेल, असे होते. एकाच नावाच्या अनेक व्यक्तींमध्ये फरक करण्यासाठी ती व्यक्ती राहत असलेल्या घराची खूण नावाला जोडली जाई. घरांवर प्राणी, झाडे, भांडी किंवा रंगीत ढाली यांच्या खुणा असत.

सोळाव्या शतकात, १५६० च्या दशकात, इसाक एल्खानान या पूर्वजाचे घर ‘झुम रोटेन शिल्ड’ या नावाने ओळखले जाई. जर्मन भाषेत ‘रोट’ म्हणजे तांबडा. ‘शिल्ड’ या शब्दाचे ढाल आणि पाटी असे दोन्ही अर्थ होतात. सतराव्या शतकात वंशजांनी हे घर सोडले व ते त्याच गल्लीतील ‘हिंटरफान’ या घरात राहू लागले. घर बदलले, तरी जुन्या घराचे नाव त्यांना चिकटून राहिले. जर्मन उच्चार ‘रोटशिल्ट’ असा असून इंग्रजीत तो ‘रॉथ्सचाइल्ड’ झाला. त्यातील ‘चाइल्ड’चा मूल या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी संबंध नाही. रोथशिल्ड आडनावाची अनेक कुटुंबे या घराण्याच्या नात्यातील नाहीत.

घराच्या नावावरून आडनाव पडणे ही केवळ ज्यूंची रीत नव्हती. मुद्रणकलेचे प्रवर्तक योहानेस गुटेनबर्ग यांचे आडनावही माइंत्स शहरातील एका वाड्यावरून आलेले आहे.

प्रारंभिक जीवन

मायर यांचा जन्म हिंटरफान या घरात झाला. ज्यू धर्मशिक्षणासाठी त्यांना फ्यूर्थ येथे पाठविण्यात आले होते. १७५५ व १७५६ या लागोपाठच्या वर्षांत त्यांचे आईवडील निवर्तले. त्यानंतर हानोव्हर येथील ओपेनहाइम यांच्या पेढीत त्यांनी उमेदवारी केली. तेथे त्यांना दुर्मीळ नाण्यांची पारख आली. फ्रँकफुर्टला परतल्यावर त्यांनी जुन्या नाण्यांचा व्यापार सुरू केला आणि नाण्यांचे संग्राहक असलेले हेसे-हानाउचे राजपुत्र विल्हेल्म हे त्यांचे ग्राहक झाले. १७६९ साली मायर यांना त्यांच्या दरबाराचे व्यापारी हा किताब मिळाला.

१७७० मध्ये त्यांचा विवाह गुटलं श्नापर यांच्याशी झाला. त्यांची पाच मुलगे व पाच मुली अशी दहा अपत्ये जगली. १७८० च्या दशकात मायर यांनी युडेनगासंमध्येच मोठे घर घेतले. त्या घराची खूण हिरवी ढाल होती. मात्र तोवर तांबड्या ढालीचे नाव व्यापारात रूढ झाले होते.

व्यवसायाचा विस्तार

विल्हेल्म १७८५ साली हेसे-कासेलचे अधिपती झाले. इंग्लंडला भाडोत्री सैन्य पुरवून या राजघराण्याने मोठी संपत्ती मिळविली होती. खजिन्याचे अधिकारी कार्ल फ्रीडरिश बुडेरुस यांच्या साहाय्याने मायर यांना दरबारी हुंड्या व कर्जे यांचे काम मिळत गेले. १८०६ साली नेपोलियनच्या सैन्याने हेसे व्यापले व विल्हेल्म यांना देश सोडावा लागला. त्यांचा सारा खजिना मायर यांनी आपल्या घरात लपविला, ही कथा अतिरंजित आहे. मायर यांनी काही कागदपत्रे सांभाळली आणि १७९८ मध्ये इंग्लंडला गेलेले पुत्र नाथान यांच्यामार्फत विल्हेल्म यांचा पैसा इंग्रजी रोख्यांत गुंतविला.

नागरी हक्क

संपत्ती मिळूनही मायर यांना इतर नागरिकांचे हक्क नव्हते. १६१६ च्या नियमांनी फ्रँकफुर्टमधील ज्यू कुटुंबांची संख्या ५०० वर आणि वर्षभरातील विवाह १२ वर मर्यादित केले होते. १७९६ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात गल्लीचा मोठा भाग जळाला, तेव्हा गल्लीबाहेर राहण्याची मुभा मिळाली. १८११ मध्ये ज्यू समाजाने ४,४०,००० गुल्डेन देण्याचे मान्य करून समान नागरिकत्व मिळविले. नेपोलियनच्या पाडावानंतर ते हक्क पुन्हा काढून घेण्यात आले. फ्रँकफुर्टमध्ये पूर्ण समानता १८६४ साली आली.

मृत्युपत्र व नावाचा वारसा

१८१० मध्ये मायर यांनी मुलांना भागीदार करून पेढीचे नाव ‘मायर आम्शेल रोथशिल्ड आणि पुत्र’ असे ठेवले. मृत्युपत्रात त्यांनी मुली, जावई व त्यांचे वंशज यांना व्यवसायातून पूर्णपणे वगळले. पुढे आम्शेल, सालोमोन, नाथान, कार्ल व याकोब या पाच पुत्रांनी अनुक्रमे फ्रँकफुर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स व पॅरिस येथील पेढ्या सांभाळल्या. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १८२२ साली त्यांना बॅरन हा किताब दिला. त्यांच्या कुलचिन्हात पाच बाण व मध्यभागी तांबडी ढाल आहे. गुटलं यांनी मात्र १८४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत गल्लीतील जुने घर सोडले नाही.

फ्रँकफुर्टची मूळ पेढी १९०१ साली पुरुष वारस नसल्याने बंद झाली. अखेरचे मालक विल्हेल्म कार्ल यांना मुली होत्या. त्यांचे जावई माक्सिमिलियान गोल्डश्मिट यांनी पुढे गोल्डश्मिट-रोथशिल्ड असे आडनाव धारण केले. अशा रीतीने मृत्युपत्राने पेढीतून वगळलेल्या कन्येच्या शाखेकडूनच हे नाव फ्रँकफुर्टमध्ये पुढे चालले. हिरव्या ढालीचे घर दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले. मायर यांची समाधी फ्रँकफुर्टमधील जुन्या ज्यू दफनभूमीत आहे.