विनोबांपुढे ठेवलेल्या बंदुका

भगिनींनो, मागच्या भाद्रपदात आपल्या आळीतल्या एका विशीतल्या मुलाने शेजारच्या काकूंचा तांब्याचा हंडा उचलून मोडीत विकला आणि त्यास पोलिसांत द्यावे की नाही, यावरून मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले, हे आपणांस आठवतच असेल. मी द्यावे म्हणणाऱ्यांत होते. पुढे सहज विनोबांचे चरित्र पुन्हा हाती घेतले आणि स्मरणिकेसाठी दुसरा विषय सुचेना.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, कोकणातल्या गागोदे गावचा. आई रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता कळत नसे. त्यांच्या इच्छेखातर पुढे लेकाने ‘गीताई’ रचली. 1916 साली परीक्षेस निघालेला हा मुलगा वाटेतच काशीकडे वळला, तेथून गांधीजींच्या आश्रमात गेला आणि 1921 मध्ये आपल्या शेजारच्या वर्ध्यास आला. स्वातंत्र्यासाठी त्यांनी कितीदा तुरुंग भोगला! कैदी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1951 च्या मार्चमध्ये ते पवनारहून पायी हैदराबादकडे निघाले, ते आपल्याच जिल्ह्यातून. आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ झाला. भूदानाची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून ती सांगत नाही.

मला सांगावयाचे आहे ते चंबळचे. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत दरोडेखोरांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत. त्यांतला नामांकित मानसिंग 1955 साली पोलिसांच्या गोळीने मेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. मरण्यापूर्वी विनोबांचे दर्शन व्हावे, असे पत्र त्याने लिहिले. विनोबांनी आपल्यासोबत असलेले मेजर जनरल यदुनाथसिंग यांना त्याच्याकडे पाठविले. हे गृहस्थ पुढे खोऱ्यात हिंडून टोळ्यांना भेटले; आणि 1960 च्या मे महिन्यात, ऐन उन्हात, विनोबा स्वतः त्या मुलखात पायी गेले. लुक्का आणि त्याचे सोबती धरून वीस जणांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या.

माफीचे वचन विनोबांनी कोणासही दिले नव्हते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. केलेले कबूल करावे, होईल ती शिक्षा भोगावी; छळ होणार नाही आणि बायकामुलांकडे लक्ष दिले जाईल, एवढेच. ती माणसे तुरुंगात गेली, खटले चालले. तहसीलदारसिंगाची फाशी पुढे जन्मठेपेवर आली.

टीकाही झाली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीस प्रमुख के. एफ. रुस्तमजी, जन्माने आपल्या विदर्भातल्या कामठीचे, यांनी उघड नाराजी दाखविली. जिवावर उदार होऊन टोळ्यांशी लढणाऱ्या शिपायांचे काय, असा त्यांचा रोख होता. मला तो प्रश्न खोटा वाटत नाही. ज्या बाईचा नवरा त्या बंदुकीने गेला, तिला बंदूक खाली ठेवल्याने काय मिळाले? विनोबांच्या मागे राहिलेल्या चंबळ घाटी शांति समितीला हेच अवघड काम करावे लागले. मुळात जमिनीच्या आणि घराण्यांच्या वैरांतूनच पुष्कळजण रानात गेलेले. ते वैर न्यायालयात मिटत नाही. निकालाने एक घर जिंकते आणि दुसरे डूख धरून बसते.

1971 साली माधोसिंग नावाचा दरोडेखोर वेषांतर करून पवनारच्या आश्रमात आला. आपल्यापासून किती जवळ! विनोबांनी त्याला जयप्रकाशजींकडे पाठविले आणि 1972 च्या एप्रिलमध्ये जौरा येथे टोळ्याच्या टोळ्या शरण आल्या. विनोबा 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारलाच गेले.

आता हंड्याचे. अखेर बैठकीत मुलाला बोलाविले, काकूही समोर बसल्या. हंडा त्यांच्या सासूबाईंचा होता, त्याच हंड्यावर लग्नात त्यांची ओटी भरली होती, हे त्यांनी सांगितले तेव्हा तो मान वर करीना. पैसे फेडायचे ठरले. मी नाखुशीनेच हात वर केला. दर शनिवारी तो दीडशे रुपये आणून देतो, अजून चार हप्ते उरले आहेत. काकू पैसे मोजून घेतात. बोलत मात्र नाहीत. गेल्या शनिवारी त्याला पाणी तेवढे विचारले.