'ध' लिहिणाऱ्याचा गुन्हा

कुणी आपल्या शब्दांचा विपर्यास केला की आपण सहज म्हणून जातो, त्याने 'ध'चा 'मा' केला. या दोन अक्षरांमागे अठरा वर्षांच्या एका पेशव्याचा खून आहे, आणि त्या खुनाचा जाब खुद्द सत्ताधीशाला विचारणारा एक न्यायाधीशही आहे, हे बोलताना ध्यानात असतेच असे नाही. तो न्यायाधीश म्हणजे आपल्या साताऱ्याकडचे रामशास्त्री प्रभुणे.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात ते क्षेत्र माहुली हे त्यांचे गाव. वडिलांचे छत्र लवकर हरपले. विशी आली तरी विद्येशी फारशी ओळख नव्हती. साताऱ्याच्या अनगळ सावकाराकडे ते नोकरीला होते. एकदा सावकाराच्या पायावर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातल्या मोत्यांवर खिळली. असले मोती विद्वानाला शोभतात, असे सावकाराने सुनावले आणि तो बोल जिव्हारी लागून रामने काशीची वाट धरली, अशी कथा सांगतात. तिथे बाळंभट्ट पायगुंड्यांकडे त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. १७५१ मध्ये ते पुण्याला पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक शिधा घरात ठेवायचा नाही, असा त्यांचा नेम होता म्हणतात. ज्याच्या कोठीत उद्याचे काही नाही, त्याला कशाची भीती घालणार?

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड खटला ३० ऑगस्ट १७७३ रोजी उभा राहिला. गणेशोत्सवाचे दिवस होते. थकलेल्या पगाराचा गलका करीत गारदी शनिवारवाड्यात घुसले. नारायणराव पेशवे जिवाच्या आकांताने धावत काका रघुनाथरावांकडे गेले आणि त्यांना बिलगले. पण तेही व्यर्थ गेले. अंगावर पडून धन्याला वाचवू पाहणारा सेवक चाफाजी टिळेकरही मारला गेला. वाड्यात आणखी कित्येकांचे बळी पडले, आणि वाड्यातच नजरकैदेत असलेले रघुनाथराव सत्तेवर आले.

नव्या धन्याच्या अमलातच रामशास्त्र्यांनी गाजावाजा न करता चौकशी सुरू केली. सुमारे दीड महिन्याच्या चौकशीतून धागा मिळाला तो गारद्यांना दिलेल्या एका लेखी हुकमाचा. रघुनाथरावांनी लिहिले होते, नारायणरावांना धरावे. त्याचे 'मारावे' झाले. हा बदल आनंदीबाईंनी केला, असे लोकांनी पक्के धरले. इतिहासकारांचे मात्र त्यावर एकमत नाही.

खरा पेच इथेच आहे. ज्याने फक्त 'धरा' म्हटले, तो खुनी ठरतो का?

आजचा कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने १७९४ मध्ये खुनाच्या पायऱ्या पाडल्या. थंड डोक्याने केलेला खून पहिल्या दर्जाचा, बाकीचे दुसऱ्या. आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेने असे दर्जे न ठेवता 'खून' आणि 'खून न ठरणारा सदोष मनुष्यवध' असा भेद केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. शेताच्या बांधावर बोलता बोलता जुंपली आणि रागाच्या भरात हातातली काठी बसून माणूस गेला, ही एक गोष्ट. त्याच माणसाच्या वाटेवर कोयता घेऊन दबा धरून बसणे ही दुसरी. मेलेला दोन्हीकडे मेलेलाच असतो; पण मारणाऱ्याच्या मनात काय होते आणि परिणामाची त्याला किती जाणीव होती, हे तोलून न्यायालय शिक्षा ठरवते. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. दुसऱ्या प्रकारात जन्मठेपेपासून खाली काही वर्षांपर्यंत.

चिथावणी देणाऱ्यासाठी कायद्यात आणखी एक बारकावा आहे. सांगितले एक आणि घडले भलतेच, तर सांगणारा सुटतोच असे नाही. जे घडले ते त्या सांगण्यातून घडण्याचा संभव होता का, एवढे पाहिले जाते. हत्यारे देऊन माणसांना मध्यरात्री राहत्या घरावर दरोड्याला पाठवले आणि तिथे खून पडला, तर पाठवणाराही खुनाच्या शिक्षेला पात्र ठरू शकतो.

माझी हयात बँकेत गेली. आम्ही खातेदारांना सांगत असू, चेकवर रकमेपुढे कोरी जागा सोडू नका, रेघ मारा. सही तुमची आहे. रघुनाथरावांनी सही केली ती पगार थकलेल्या, हत्यारबंद गारद्यांच्या हातात. तिथे 'धरा' हा शब्द धरण्यापाशीच थांबेल, अशी खात्री कोण देणार होते? आणि घडल्यावर त्याचे फळ घ्यायलाही ते कचरले नाहीत.

कायद्याची ही कलमे तेव्हा जन्मायची होती. रामशास्त्र्यांनी धर्मशास्त्राच्या आधारे निवाडा दिला, की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. तो अमलात आणण्याचे बळ त्यांच्याकडे नव्हते. आरोपीच राज्याचा धनी होता. मग हातात होते तेवढे त्यांनी केले. त्या राज्याची चाकरी सोडली आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

पुढे बारभाईंनी सत्ता घेतली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. गारद्यांपैकी काहीजण पकडले जाऊन त्यांना देहदंड झाला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, युद्ध पेटले, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि पुढच्या वर्षी कोपरगावी त्यांचा मृत्यू झाला. शिक्षा अशी त्यांना झालीच नाही. रामशास्त्र्यांना पुण्याला सन्मानाने परत बोलावले गेले आणि १७८९ मध्ये निधन होईपर्यंत ते न्यायासनावर होते.

माहुलीवरून वाहणारी कृष्णा पुढे सांगलीला जाते. त्या सांगलीत १८७२ मध्ये जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' नाटकातून हा न्यायाधीश रंगभूमीवर उभा केला. १९४४ मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' चित्रपट आला. त्यामुळे त्यांचा बाणेदारपणा घरोघरी पोचला. पण त्या बाण्यामागचा न्यायविचार मात्र थोडा मागे राहिला. लोकांनी सारा दोष 'मा' करणाऱ्या हातावर टाकला आणि तो हात एका बाईचा ठरवला. रामशास्त्र्यांनी मूळचा 'ध' लिहिणाऱ्यालाही सोडले नाही.

एखाद्याला नुसता धडा शिकवा, असे म्हणून चार माणसे पाठवणारे आजही असतात. बरेवाईट घडले, की आपण असे म्हणालोच नव्हतो, असा त्यांचा बचाव असतो. त्यांनी रामशास्त्र्यांचा हा निवाडा एकदा नीट समजून घ्यावा.