पृथ्वीचा जमाखर्च मांडणारे व्हर्नर सुओमी

आमच्या भागात ऊस तुटून गेला की शेतातले पाचट पेटवतात. मग दोन-दोन दिवस शिवारावर धूर साचून राहतो. आजीला दमा, त्यामुळे तेवढे दिवस घराच्या खिडक्या बंद. गेल्या हंगामात वडिलांनीही एका दुपारी आमचे पाचट पेटवले. दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर आगी दाखवणारा नकाशा उघडला, तर आमच्या शिवारावर एक लाल ठिपका! ठिपका टिपणाऱ्या उपग्रहाचे नाव होते सुओमी. हे नाव कोणाचे म्हणून शोधू लागलो आणि एका थोर शास्त्रज्ञाची ओळख झाली.

व्हर्नर सुओमी यांचा जन्म ६ डिसेंबर १९१५ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, एव्हलेथ या लोखंडाच्या खाणींच्या गावी झाला. घराणे मूळचे फिनलंडचे. फिनिश भाषेत त्या देशालाच सुओमी म्हणतात. देश सुटला, पण त्याचे नाव आडनावात राहिले. सीमाभागात दोन भाषांत वाढलेल्या आपल्याला यातला जिव्हाळा वेगळा सांगायला नको.

शिक्षक होण्यासाठीचे शिक्षण घेऊन ते १९३८ साली पदवीधर झाले आणि शाळेत विज्ञान शिकवू लागले. महायुद्धाच्या काळात शिकागो विद्यापीठात ते हवामानशास्त्राकडे वळले आणि १९४८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात रुजू झाले. १९५३ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्या प्रबंधाचा विषय वाचून माझ्यासारखा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी चकितच झाला : मक्याच्या शेतातील उष्णतेचा जमाखर्च! सूर्याकडून किती उष्णता आली ती जमा. पाण्याची वाफ होण्यात, हवा तापण्यात आणि मातीत मुरण्यात किती गेली तो खर्च.

एका शेताचा हिशेब जमला, तर साऱ्या पृथ्वीचा का मांडू नये? त्यासाठी पृथ्वीबाहेरून पाहणे भाग होते. अभियंते रॉबर्ट पॅरेंट यांच्यासह त्यांनी उष्णता मोजणारे साधे उपकरण बनवले. जुलै १९५९ मध्ये ते घेऊन निघालेले यान उड्डाणानंतर काही सेकंदांतच नष्ट झाले. त्यांनी धीर सोडला नाही. १३ ऑक्टोबर १९५९ रोजी एक्स्प्लोरर-७ उपग्रहातून त्यांचे उपकरण अवकाशात पोहोचले आणि पृथ्वीच्या उष्णतेची मोजमापे येऊ लागली.

त्यांचे सर्वांत मोठे काम यापुढचे. त्या वेळचे हवामान उपग्रह एका प्रदेशावरून झरकन पुढे जात. खालचे ढग पुढे कुठे गेले हे समजत नसे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह मात्र पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो एकाच जागी थांबल्यासारखा राहतो. अडचण अशी की, तोल राखण्यासाठी तो स्वतःभोवती मिनिटाला सुमारे १०० वेळा गरगरत असे. गरगरणाऱ्या यानातून छायाचित्र घ्यायचे कसे? सुओमींनी त्या गरगरण्यालाच कामाला लावले. प्रत्येक फेरीत चित्राची एक बारीक रेघ टिपायची, मग दुर्बीण किंचित कलती करून पुढची रेघ. सुमारे २० मिनिटांत पृथ्वीचे चित्र तयार! डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ उपग्रहातून हा कॅमेरा गेला. एकामागून एक चित्रे लावली की ढग सरकताना दिसू लागले, वाऱ्याचा वेग काढता येऊ लागला.

सुओमींचा विषय धूर नव्हता, ढग होते. पण धुराचा माग आज याच रीतीने काढला जातो : एका जागेवरून पुनःपुन्हा पाहायचे आणि लोट कोणत्या दिशेला गेला ते टिपायचे.

३० जुलै १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. २८ ऑक्टोबर २०११ रोजी सोडलेल्या एका उपग्रहाला जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हा उपग्रह एका जागी थांबणारा नव्हे. तो ध्रुवांवरून फिरणारा आहे. त्यातील उपकरण आगीची उष्णता अवरक्त किरणांतून ओळखते, म्हणून रात्रीची आगही त्याला दिसते. धुराचा पट्टा दिवसाच्या प्रकाशात दिसतो. पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट जाळल्याच्या मोजणीतही या ठिपक्यांचा उपयोग झाला आहे. अर्थात ढगांखालचे त्याला दिसत नाही. शिवाय वरून दिसतो तो हवेच्या साऱ्या थरांतला धूर. आजीच्या श्वासात किती जातो, हे जमिनीवरच मोजावे लागते.

मी तो ठिपका वडिलांना दाखवला. ते म्हणाले, पाचट गोळा करायला मजूर कुठे आहेत, आणि खोडव्याला पाणी द्यायची घाई असते. त्यांचेही खोटे नव्हते. मग वहीत दोन रकाने पाडून आम्ही हिशेब मांडला : एकीकडे मजुरी, दुसरीकडे जळून जाणारे खत आणि आजीचे औषध. यंदा अर्ध्या शेतातले पाचट सरीतच ठेवून पाहायचे त्यांनी कबूल केले आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल अजून आमची बोलणी चालू आहेत.