महाराजा गंगासिंह

महाराजा सर गंगासिंह (जन्म: ऑक्टोबर १८८०, मृत्यू: २ फेब्रुवारी १९४३, मुंबई) हे राजपुतान्यातील बिकानेर संस्थानाचे राठोड वंशीय राजे होते. १८८७ ते १९४३ या त्यांच्या राजवटीत बिकानेरने दोन्ही महायुद्धांत माणसे, उंट आणि पैसा पुरवला. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सही करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता.

सुरुवातीचे जीवन

गंगासिंह हे लालसिंह यांचे पुत्र. त्यांचे थोरले बंधू महाराजा डूंगरसिंह यांनी त्यांना दत्तक घेतले होते. १८८७ मध्ये डूंगरसिंह निवर्तले आणि गंगासिंह वयाच्या सातव्या वर्षी गादीवर आले. त्यांचे शिक्षण अजमेर येथील मेयो कॉलेजात झाले. ते अज्ञान असेपर्यंत कारभार मंडळाकडे होता. १८९८ मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे विक्रम संवत १९५६ मध्ये, ‘छप्पनिया’ नावाने ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. १८९१ मध्ये सुमारे ८ लाख ३० हजार असलेली संस्थानाची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ८४ हजारांवर आली. कित्येक माणसे उपासमारीने व रोगराईने दगावली, तर कित्येकांनी देशांतर केले. गंगासिंहांनी दुष्काळी कामे काढली. त्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक देण्यात आले.

गंगा रिसाला

बिकानेरचा बहुतेक प्रदेश थरच्या वाळवंटात मोडतो. पाऊस अत्यल्प असल्याने शेती बेभरवशाची होती आणि उंट, मेंढ्या व लोकर हेच अनेकांच्या उपजीविकेचे साधन होते. राईका समाजात उंटपालनाचे ज्ञान पिढ्यान्पिढ्या चालत आले होते. संस्थानांनी साम्राज्यासाठी फौज ठेवण्याची योजना आली, तेव्हा बिकानेरने घोडदळाऐवजी सुमारे ५०० स्वारांचे उंटदळ उभारले. हाच गंगा रिसाला. १९०० मध्ये तो चीनमधील बॉक्सर बंडाच्या मोहिमेवर गेला. तेथे त्याने पायदळ म्हणून काम केले. गंगासिंह स्वतः या मोहिमेत होते. त्यानंतर १९०२ ते १९०४ या काळात रिसाल्याची तुकडी सोमालीलँडमध्ये लढली.

पहिले महायुद्ध

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच गंगासिंहांनी आपली सेवा व संस्थानाची साधने ब्रिटिश सरकारला देऊ केली. ते स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर गेले. गंगा रिसाल्याची रवानगी इजिप्तमध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी झाली. कालव्याच्या पूर्वेकडील सिनाईचे वाळवंट घोड्यांना अवघड होते. वाळूत वाढलेले बिकानेरी उंट व त्यांचे स्वार मात्र तेथे दूरवर गस्त घालू शकत होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये कातियाच्या परिसरात रिसाल्याच्या एका गस्ती तुकडीवर हल्ला झाला आणि तीत काही स्वार मारले गेले. फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्की सैन्याने कालव्यावर चाल केली, त्या सुमारास गंगासिंह इजिप्तमध्ये होते. पुढे रिसाल्याने सेनुसींविरुद्धच्या व सिनाईच्या मोहिमांत भाग घेतला.

युद्धाचा भार केवळ फौजेपुरता नव्हता. बाहेर गेलेल्या रिसाल्याला नवे स्वार व उंट पुरवत राहावे लागत होते. हे सारे पंधरा वर्षांपूर्वीच दुष्काळाने पोखरलेल्या मुलखातून उभे राहिले.

१९१७ मध्ये गंगासिंह लंडनमधील साम्राज्य युद्ध परिषदेत सत्येंद्र प्रसन्न सिन्हा व जेम्स मेस्टन यांच्यासह भारताचे प्रतिनिधी होते. परतीच्या वाटेवर रोममध्ये त्यांनी एक टिपण लिहून भारताला स्वशासनाकडे नेण्याची मागणी केली. २८ जून १९१९ रोजी त्यांनी भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांच्यासह व्हर्सायच्या तहावर सही केली. त्यांची वैयक्तिक सलामी १९ तोफांची करण्यात आली.

गंग कालवा व राज्यकारभार

१९२० मध्ये पंजाब व बहावलपूर यांच्याशी सतलजच्या पाण्याबाबत करार झाला. २६ ऑक्टोबर १९२७ रोजी गंग कालव्याचे उद्घाटन व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते झाले. कालव्यामुळे संस्थानाचा उत्तर भाग ओलिताखाली आला. पंजाबातील शेतकरी तेथे स्थायिक झाले आणि श्रीगंगानगर शहर वसले. गंगासिंह १९२१ ते १९२६ या काळात नरेंद्र मंडळाचे पहिले कुलपती होते. बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलपतिपदही त्यांनी भूषवले.

भारतासाठी स्वशासन मागणाऱ्या गंगासिंहांनी आपल्या प्रजेला मात्र तसे अधिकार दिले नाहीत. १९१३ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिनिधी सभेचे अधिकार मर्यादितच राहिले. १९३२ च्या बिकानेर कट खटल्यात स्वामी गोपालदास, सत्यनारायण सराफ आदींना शिक्षा झाल्या. १९३६ मध्ये मघाराम वैद्य यांनी स्थापन केलेल्या प्रजामंडळाच्या कार्यकर्त्यांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले.

दुसरे महायुद्ध व मृत्यू

१९३९ मध्ये संस्थानाने पुन्हा फौजा देऊ केल्या. साठी उलटलेले गंगासिंह १९४१ मध्ये पश्चिम आशियातील आघाडीवर गेले. युद्ध चालू असतानाच २ फेब्रुवारी १९४३ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पुत्र सादूलसिंह गादीवर आले. स्वातंत्र्यानंतर गंगा रिसाला जैसलमेरच्या रिसाल्यासह भारतीय लष्करात विलीन झाला. त्याची परंपरा ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या १३ व्या बटालियनकडे आली.